पंधरा मिनिटं

मुलं उद्या येणार.
आज आम्ही अकराजण तळ्याकाठच्या लाकडी जेवणघरात,
खिडक्यांना डासांच्या जाळ्या,
रात्रीचे नऊ वाजले तरी
बर्चच्या खोडांवरचं ऊन जायचं नाव घेत नाही.

मारयुक्का, शिबिराची परिचारिका, टेबलावर संत्री मांडते.
म्हणते, ही मांडी आहे. आठ वर्षांच्या पोराची.
सुई सरळ धरा, कचरू नका.
यालमारी हसतो. ती त्याला आणखी एक संत्रं देते.

साखर उतरते तेव्हा मूल तसं सांगत नाही, ती म्हणते.
ते म्हणतं, तुझं तोंड बघायचं नाही मला.
ते म्हणतं, माझे पाय लोकरीचे झालेत.
वेर्ना नावाची एक होती, पायऱ्या मोजत चढायची,
आणि सातावर अडकायची. सात, सात, सात.
शिव्या देणाऱ्या पोराचं बोट आधी टोचा, मग रागवा.
गप्प बसलेल्याचं त्याच्याही आधी.
दुपारभर पोहलेलं मूल
कधीकधी रात्री दोनला बुडतं, अंथरुणात.

आकडा चारच्या खाली: लहान पेलाभर रस.
चॉकलेट नको, ते वाटेत रेंगाळतं.
शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही नाही;
कुशीवर वळवा, हे इंजेक्शन, मग फोन.
शुद्धीत असेल तर रस, आणि पंधरा मिनिटं.
मग पुन्हा बोट.
पंधरा मिनिटं, ती म्हणाली.
पंधरा मिनिटं.

मी वहीत लिहिलं. दोनदा.

मग तिने मांडी म्हणून ठेवलेलं संत्रं
सोलायला घेतलं, आणि मध्येच थांबली,
हातात हे काय आहे असं बघत.
आम्हाला वाटलं, हाही धडाच.
ऊनाने टिपून घेतलं: वरच्या ओठावर घाम.
अकरा पेनं चालू होती.

आचारी ताइस्तो, ज्याचं नाव प्रशिक्षणाच्या यादीत नव्हतं,
खांद्यावर ओलं फडकं टाकून आतून आला,
लिंगनबेरीचा रस तिच्यापुढे ठेवला नाही त्याने,
तिची बोटं पेल्याभोवती दाबून धरली.
पी.
मला शिकवतोस, असं म्हणून
तिने त्याच्या आईचा उद्धार केला, सावोच्या बोलीत,
आणि प्यायली.

पंधरा मिनिटं म्हणजे काय, ते वहीत नव्हतं.
चौथ्या मिनिटाला मी उठलो, अजून रस द्यावा म्हणून.
ताइस्तोने नुसती मान हलवली.
सहाव्याला कुणीतरी खुदकन हसलं आणि शरमलं.
तळ्यावर पाणकोंबडीसारखं काही ओरडलं,
इथल्या लोकांना त्याचं नाव ठाऊक असतं,
मला त्या घडीला माझ्या बहिणीचंही आठवेना.
अकराव्याला तिने मला विचारलं, तुझं नाव काय रे?
सकाळपासून तीनदा सांगितलं होतं.

बोट. तीन पूर्णांक सहा.
पुन्हा रस. पुन्हा घड्याळ.
या वेळी कुणी उठलं नाही.

पाच पूर्णांक दोन.
तिने ओठ पुसला, अर्धं सोललेलं संत्रं बाजूला सारलं.
कुणी कुणी लिहून घेतलं, तिने विचारलं.
ऊनाने वही मिटली.
एकतीस वर्षं झाली मला, मारयुक्का म्हणाली,
आणि मलाच कळलं नाही. तेव्हा तुम्ही...
वाक्य तिथेच राहिलं.
ते साखरेने थांबलं की तिने, हे बघायला
आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.
ठीक आहे, ती म्हणाली. आता बघताय.

रात्री दोनला गजर लावला मी, उगाचच.
टॉर्च लागलीच नाही, आभाळ दुधासारखं फिकं होतं.
रिकाम्या खाटांमधून अनवाणी हिंडलो,
पायथ्याशी चिकटवलेली नावं वाचत.
सहावी खाट: रौनी, वय नऊ.
उशीच्या वरच्या बाजूला, जिथे कपाळ येईल,
हात ठेवून पाहिला.
कोरडी होती.